धुतराज सरांची हजेरी

नांदेडच्या श्यामनगर भागात शिकवणी वर्गांच्या पाट्या इतक्या दाट लागल्या होत्या की मागे खिडकी आहे की भिंत, हे नवख्याला कळू नये. त्यांतल्या एका तीन मजली इमारतीत साहेबराव धुतराज सर आठवड्यातून चार दिवस इंग्रजी शिकवीत. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना इंग्रजीचे काय पडलेले असते? पण बारावीचा पेपर कुणाला चुकला आहे? म्हणून भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या मधल्या फटीत, दुपारच्या पेंगुळल्या वेळी, सरांचा तास बसवलेला होता.

सर सदुसष्ट वर्षांचे. त्यांच्या सदऱ्याची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नव्हती. खडू ते स्वतःच्या डबीतून आणीत, फळा वरून खाली पुसत, आडवा कधी नाही, आणि तारीख घातल्यावाचून पहिला शब्द लिहीत नसत. एवढे नेटके असूनही त्या वर्गात ते थट्टेचा विषय झाले होते ते त्यांच्या हजेरीमुळे.

सरांच्या तासाला नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे नाही. आपल्या देहाचा हालहवाल सांगायचा. काही दुखत नसेल तर तसे पूर्ण वाक्यात म्हणायचे. दुखत असेल तर कुठे, कसे आणि कधीपासून, ते सांगायचे. 'बरं आहे' हे उत्तर चालत नसे. एखादा नवा मुलगा ते बोलून गेला की सर पेन खाली ठेवीत.

"हे उत्तर नव्हे. दुखतं की दुखत नाही?"

"न्हाई दुखत सर."

"पूर्ण वाक्य."

"माझं काही दुखत नाही सर."

मग मागल्या बाकावरून हळूच कुणीतरी म्हणे, "सर, माझं मन दुखून राहिलं."

"मनाच्या कुठल्या बाजूला? डाव्या की उजव्या?" सर चेहऱ्यावरची रेषाही न हलवता विचारीत. "सांगता येत नाही ना? मग बस खाली."

पोरे पोट धरून हसत. वर्गाबाहेर, चहाच्या टपरीवर एकमेकांना गाठले की "पूर्ण वाक्य" म्हणून सरांची नक्कल करीत. सरांना ते ठाऊक होते. त्याचे त्यांना वाईट वाटत नसे. हजेरी विनोदी वाटली तरी चालेल, पण ती रोज व्हायला हवी, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्या हट्टामागे तीन इंग्रजी शब्द होते. एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरात ते शब्द सरांनी स्वतः उच्चारले होते आणि त्यानंतर चोवीस वर्षांत त्यांविषयी ते कुणाजवळ बोलले नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी महामाया याच शहरात सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. तिला तर ते मुळीच सांगितले नव्हते. सांगितल्यावाचून मरायचे नाही, असे मात्र सरांनी ठरवले होते. पण सांगितल्यावर ती आपल्याला बाबा म्हणून हाक मारील की नाही, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. लेकीचे मोठे घर असून, जावई भला असून, सर तरोडा भागातल्या एका खोलीत एकटे राहत, ते याच कारणाने. ज्या घरात ती आपल्यापुढे ताट वाढणार, त्या घरात ते शब्द पोटात ठेवून जेवणे त्यांना जमले नसते.

सरांचा जन्म जळकोटकडचा. वडील सालगडी. नागसेनवनाच्या वसतिगृहात राहून, अर्धपोटी शिकून ते इंग्रजीचे पदवीधर झाले आणि लातूर जिल्ह्यात शिक्षकाच्या नोकरीला लागले. भाषेचा चोखपणा ही त्यांची सारी मालमत्ता होती. तरुणपणी त्यांनी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून आणलेल्या बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याची कार्डे साठवायला सुरुवात केली. एका कार्डावर एक इंग्रजी प्रयोग, त्याचा मराठी अर्थ आणि स्वतः रचलेले एक उदाहरण. त्यांत त्यांचा आवडता कप्पा दुखण्याच्या शब्दांचा होता. इंग्रज माणूस दुखणे कशाकशाला लावतो, याचे त्यांना मोठे नवल वाटे. नकोसा माणूस म्हणजे 'पेन इन द नेक', मानेतले दुखणे. अडून बसलेले काम 'हेडेक'. गाडी फार हळू चालली की ती 'पेनफुली स्लो'. नव्या संस्थेच्या सुरुवातीच्या अडचणी त्यांच्या लेखी 'ग्रोइंग पेन्स', वाढत्या अंगाची कळ. हरल्यावर तोंड फुगवणारा तो 'सोअर लूजर', अंग हुळहुळे झालेला. वाईट बातमी द्यायची असली की आधी 'इट पेन्स मी' म्हणायचे आणि मग सावकाश ती द्यायची.

वर्गात हा धडा लागला की पोरेही खुलत.

"सर, आपल्यातबी हाय की. शेजाऱ्यानं गाडी घेतली की पोटदुखी."

"आहे. डोकेदुखी आहे, जखमेवर मीठ आहे. पण इंग्रजाला पोटदुखी म्हटलंस तर तो ओवा देईल. मत्सराला तो 'पोट' म्हणत नाही."

"मग काय म्हनतो सर?"

"हिरवा होतो, म्हणतो."

"म्हंजे सरड्यावानी?"

अशा हशात तास सरे. पण धड्याच्या शेवटी सर एक वाक्य दरवर्षी सांगत आणि ते सांगताना त्यांचा आवाज उतरे. ते म्हणत, "ज्यांच्या भाषेत चहा गार झाला तरी दुखतं, त्यांना हसू नका. त्यांना निदान तो शब्द तोंडातून काढायची सवय तरी आहे."

पोरांना हे वाक्य कधी कळले नाही. खोक्यातल्या पहिल्या कार्डावरचा 'पेनस्टेकिंग' हा शब्दही सरांनी त्यांना कधी शिकवला नाही. त्या कार्डावर अर्थ होता, 'कष्ट घेऊन चोख काम करणारा'. उदाहरणाची ओळ कोरी होती.

भूकंपाच्या साली सर औसा तालुक्यातल्या एका गावात शिकवीत होते. गावातली घरे जाड दगडमातीची, वर मातीच्या माळवदाचा भार. सरांची भाड्याची खोली शाळेलगत, तिच्यावर पत्रे होते. त्या पत्र्यांनीच त्यांना वाचवले. पहाटे चारच्या आत सगळे झाले. त्यांच्या खोलीची एक भिंत आत आली, तेव्हा पत्नी पार्वतीबाईंनी नऊ वर्षांच्या महामायाला अंगाखाली घेतले. एक दगड त्यांच्या डाव्या कुशीवर आदळून बाजूला गडगडला. सरांना खरचटलेसुद्धा नाही. तिघेही उजाडताना मोकळ्या रानात उभे होते. शेजारच्या नीलम्माची दोन्ही लेकरे आणि सासू माळवदाखाली गेली होती.

पुढचे दिवस गावाने कसे काढले, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कळणार नाही. तिथली एक रीत मात्र सांगितली पाहिजे. ज्याच्या घरचे चार गेले, त्याच्यापुढे ज्याचा एक गेला तो रडत नसे. ज्याचे कुणीच गेले नाही, त्याला तर कण्हण्याचाही हक्क उरला नव्हता. चितांना लाकूड पुरत नव्हते, तिथे आपल्या बरगडीचे नाव कोण काढणार? कुणी कुणाला विचारलेच, तर उत्तर एकच: बरं हाय. पार्वतीबाई तर वर म्हणत, "आपलं काय झालंय? आपण तिघंबी हावत की."

तिसऱ्या दिवशी एक परदेशी वैद्यकीय पथक आले आणि शेतात तंबू पडला. इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता. गावाने सरांना पुढे केले.

सरांच्या आयुष्यात त्यांची विद्या इतकी कामाला आली असेल ती त्या तीन दिवसांत. माणसे येत आणि म्हणत, ठणकतंय; चमक मारतीय; आग व्हायलीय; ठुसठुसतंय; अवघडलंय; कळ येऊन जातीय. गावच्या माणसाला दुखणे सांगायचे नव्हते, पण एकदा सांगायला बसला की त्याच्याजवळ शब्दांना तोटा नव्हता. सर प्रत्येक शब्दाला त्याच्या मापाचा इंग्रजी शब्द शोधत, 'थ्रॉबिंग' आणि 'शूटिंग' यांची गल्लत होऊ देत नसत, रुग्ण बोलला त्याहून एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. डॉक्टरीणबाई उंच, पिकल्या केसांची, फार कमी बोलणारी होती. सरांनी एखादा शब्द दिला की ती मान हलवून लिहून घेई. वर्गातल्या हुशार मुलाला वाटते तसा एक अभिमान सरांना वाटू लागला होता. एवढ्या प्रेतांमध्ये तो वाटावा याची त्यांना लाजही वाटे, पण तो वाटत होता, हे खरे.

पार्वतीबाई मदतीच्या स्वयंपाकात भाकरी थापीत. नीलम्मा कुणाशी बोलत नव्हती, पाणी घेत नव्हती; तिला त्यांनी आपल्याजवळ बसवून ठेवले होते. सोमवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, दुपारी त्या नीलम्माला हाताला धरून तंबूत घेऊन आल्या. दुसरा हात पदराखाली, डाव्या कुशीवर दाबलेला होता.

डॉक्टरीणबाईने आधी पार्वतीबाईंकडेच पाहिले. तिने सरांना विचारले, "आणि या? यांना काही दुखतंय का?"

सर वळले. "अगं, डॉक्टरीणबाई विचारायल्यात, तुझं काही दुखायलंय का?"

"माझं काय दुखतंय? बरं हाय. आधी हिला बघा म्हनावं, घोटभर पानी सुदीक न्हाई पोटात हिच्या."

सरांनी तो हात पाहिला होता. दोन सकाळी त्यांनी हेही पाहिले होते की ही उठताना उजव्या अंगावर वळते, झोपायच्या तंबूचा दोर धरते आणि मग सरळ होते. पण ते पाहणे नवऱ्याचे होते, आणि त्या टेबलाशी सर दुभाषी म्हणून बसले होते. दुभाष्याने ऐकलेले सांगावे, पदरचे घालू नये, हा नियम त्यांनी तीन दिवस कसोशीने पाळला होता. ते म्हणाले, "शी इज फाइन."

डॉक्टरीणबाई नीलम्माकडे वळली. संध्याकाळी तंबू आवरताना तिने सरांशी हात मिळवला आणि म्हणाली, "यू आर अ पेनस्टेकिंग मॅन, मिस्टर धुतराज." सरांनी लगेच पेन्सिलीने कार्ड केले. खोके ढिगाऱ्यातून शाबूत निघाले होते. अर्थ लिहिला. उदाहरण सकाळी सुचेल, म्हणून ओळ सोडली आणि कार्ड खोक्यात सगळ्यांच्या पुढे लावले.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पार्वतीबाई चुलीपासून उठल्या त्या पुन्हा बसल्या आणि मग आडव्याच झाल्या. ओठ कागदासारखे पांढरे. लष्कराच्या गाडीतून त्यांना लातूरला नेताना औशाच्या अलीकडेच सारे संपले. लातूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले की डाव्या बाजूची पानथरी, म्हणजे प्लीहा, पहिल्याच दिवशी चिरली असावी, आतल्या आत रक्त साचत गेले आणि शेवटी ती फुटली. "डाव्या कुशीत दुखतंय, एवढं जरी कुणी आधी सांगितलं असतं," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना बोलायला सवड नव्हती.

पथकाची डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सरांजवळ येऊन उभी राहिली. तिने विचारले, "त्यांनी कधीच तक्रार केली नाही?"

"नो, मॅडम," सर म्हणाले. हेही उत्तर अगदी अचूक होते.

पार्वतीबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत नीलम्माने महामायाची वेणी घातली. बदली मिळाल्यावर सर मुलीला घेऊन लातूरला आले. त्याच सुमारास त्या शहराला शिकवण्यांचे वारे लागले; दर वर्षी नवी पाटी, नवा मजला, गावोगावची पोरे आणि त्यांच्या कपाळावर आठी. सर शाळेत शिकवीत राहिले, मुलीला वाढवीत राहिले. ती परिचारिका झाली, नांदेडला लागली, लग्न झाले. निवृत्तीनंतर सर तिच्या मागोमाग नांदेडला आले, पण तरोड्याच्या खोलीपाशीच थांबले. दर रविवारी तिचा फोन येई. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "गुडघा कसा आहे?" "बरं आहे." वर्गात जे उत्तर त्यांनी कधी चालवून घेतले नाही, ते मुलीला मात्र ते दर रविवारी देत.

श्यामनगरच्या वर्गाचे संचालक अंबरीश सर हे चौतीस वर्षांचे, उमदे, सदा घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी प्रत्येक फळ्याच्या वर हातभर लाल अक्षरांत 'नो पेन, नो गेन' रंगवून घेतले होते. ते काढावे म्हणून धुतराज सरांनी दोनदा लेखी अर्ज दिला, क्रमवार कारणे घालून.

"सर, तुम्हाला मोटिव्हेशन कळत नाही बघा," अंबरीश सर हसून म्हणाले. "पोरं त्याच्यापुढं उभी राहून फोटो काढतात."

"ते वाक्य तालमीतलं आहे. तिथं स्नायू दुखला तर तो वाढतो. इथं कुणाचं काय दुखेल, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"इथं डोकं दुखतं सर. तेवढं तर दुखायलाच पाहिजे ना?"

अर्ज कुठे गेले, कळले नाही. अक्षरे राहिली.

दोन हजार सतराच्या ऑगस्टातला तो रविवार. त्या दिवशी वर्गाची निवड चाचणी होती. पहिल्या चाळिसांना स्टार बॅच, बाकीच्यांना उरलेले शिक्षक. पर्यवेक्षणाला एका दालनात धुतराज सर होते आणि तिथेही त्यांनी हजेरी आपल्याच रीतीने घेतली. मृण्मयी नावाची हदगावची मुलगी होती, एका शिक्षकाची लेक, वसतिगृहात राहणारी. तिने उत्तर दिले, "माझं काही दुखत नाही सर." वाक्य पूर्ण होते. इतरांपेक्षा जरा लवकर आले होते, एवढेच.

पाऊण तासाने सर ओळींमधून फिरत तिच्या बाकापाशी आले. उजव्या हातात पेन होते. डावा हात ओढणीखाली, उजव्या कुशीवर दाबलेला होता.

सर थबकले. त्यांनी बाकाची कड धरली.

"मृण्मयी, कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही सर."

"हात काढ."

तिने काढला आणि लगेच पुन्हा ठेवला. वर पाहिले तेव्हा तिच्या ओठावर घाम होता. "कालपासून," ती पुटपुटली. "आधी बेंबीपाशी होतं, आता इथं आलंय. सर, प्लीज. सव्वादोन तास राहिलेत. पेपर झाला की मी स्वतः जाते."

"ऊठ."

"सर, स्टार बॅच जाईल माझी. पप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

पर्यवेक्षकाने दालन सोडू नये, परीक्षार्थीला सोडू देऊ नये, असा नियम होता आणि तो सरांनी उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगत होती की मला बसू द्या. तिचे ऐकायचे, तर नियमही पाळला जात होता. सरांनी उरलेल्या उत्तरपत्रिका शिपाई व्यंकटीच्या हाती दिल्या, तिच्या हातातले पेन काढून घेतले आणि म्हणाले, "ऊठ, बाळ. रागवायचं ते नंतर रागव."

रिक्षात तिला दोनदा उलटी झाली. सरांनी ती आपल्या इस्त्रीच्या रुमालात धरली.

महामाया त्या दिवशी रुग्णालयात कामावर होती. तिने मुलीला एका नजरेत पारखले, पोटावर बोटे ठेवून उचलली, मुलगी कळवळली, आणि मग धावपळ सुरू झाली. अपेंडिक्स फुटायच्या बेताला आले होते. तासाभरात शस्त्रक्रिया झाली.

दोनच्या सुमारास मुलीचे वडील अमृतराव हदगावहून बसने आले. आल्या आल्या त्यांनी सरांना गाठले.

"तुम्ही इंग्रजीचे ना हो, मास्तर? मग ही डॉक्टरकी कुणी सांगितली होती तुम्हाला? एखादी गोळी देऊन बसवायचं होतं दोन तास. वर्ष घालवलं पोरीचं."

उत्तर महामायाने दिले. "काका, दोन तास थांबले असते, तर तिचा निकाल बघायला तुम्ही एकटेच उरला असता."

अमृतराव बाकावर बसले. पिशवी मांडीवर होती. तिचा बंद त्यांनी दोन-तीनदा सोडला आणि बांधला. मग ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "काल फोन केला होता मी. म्हणली, पप्पा, बरं आहे."

तेवढ्यात अंबरीश सरांचा फोन आला. ते नम्रपणेच बोलले. भर परीक्षेत दार उघडल्याने इतर पालकांनी तक्रार केली होती, व्यंकटीला पेपर सांभाळता आला नव्हता, चाचणी पुन्हा घ्यावी लागणार होती. "तुम्ही आता थोडे दिवस आराम करा सर," ते म्हणाले. सरांनी आभार मानून फोन खिशात ठेवला.

पाच वाजता कामातून मोकळी झालेली महामाया दोन कप चहा घेऊन आवारातल्या लिंबाच्या पारावर आली. बापाशेजारी बसली.

"बाबा, तुम्हाला कळलं कसं? पोरगी तर तोंड उघडत नव्हती."

चोवीस वर्षे ज्या प्रसंगाची वाट पाहिली आणि जो टाळला, तो असा चहाच्या कपाबरोबर समोर आला. सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी सारे क्रमाने सांगितले. तंबू, सोमवार, नीलम्मा, पदराखालचा हात, डॉक्टरीणबाईचा प्रश्न, आईचे उत्तर. "मला दिसत होतं," ते म्हणाले. "मी तिचं वाक्य सांगितलं. माझं सांगितलं नाही. मी म्हणालो, शी इज फाइन."

महामाया पारावरच्या मुंग्यांच्या रांगेकडे बघत होती.

"आई झोपेत कण्हायची," ती म्हणाली. "मी विचारलं, आई, काय होतंय? तर म्हणली, बाबाला सांगू नगंस. ते लोकाचं दुखनं सांगायलेत, त्यात आपलं घरचं कुठं घुसवावं. मी नाही सांगितलं. सगळे विचारतात, नर्स का झालीस. मी म्हणते, नोकरी पक्की असते."

सरांना वाटले, आता काही बोलावे. त्यांनी तिच्या हातावर ठेवायला हात उचलला. "म्हणजे तूही..."

"मी नऊ वर्षांची होते," महामाया म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही त्रेचाळीस वर्षांचे होता."

तिने दोन्ही कप उचलले, सरांचा भरलेला कप मुळाशी ओतला आणि गाडीच्या दिशेने निघून गेली. सर तिथेच बसले. ती जे बोलली ते खरे होते. मापाने, वजनाने, तारखेने खरे होते. त्यात दुरुस्तीला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. सरांनी सकाळपासून फोन चार्जरला लावून ठेवला होता. संध्याकाळी त्यांनी खोके काढले, दुखण्याच्या शब्दांचा कप्पा पुसून पुन्हा लावला आणि पहिले कार्ड हातात धरून बसले. कोऱ्या ओळीवर लिहिण्याजोगे वाक्य त्यांच्याजवळ होते. पण ते उदाहरण म्हणून लिहावे, असे त्यांना वाटेना. कार्ड तसेच परत ठेवले.

त्या आठवड्यात मृण्मयी घरी गेली, असे व्यंकटीने वाटेत भेटून सांगितले. नव्या चाचणीला ती नव्हती. बहुधा हदगावातच शिकेल, म्हणाला. "पन चांगलं झालं सर, पोरगी हाय," तो पुढे म्हणाला, आणि मग सरांच्या हजेरीची नक्कल कशी बंद पडली तेही सांगितले. पोरांना आता करमत नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी, दुपारी एकला, फोन वाजला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"पिठलं-भाकरी."

पलीकडे वॉर्डातली ढकलगाडी खडखडत गेली. ती लांब जाईपर्यंत महामाया थांबली.

"गुडघा कसा आहे?"

"बरं..." सर म्हणाले आणि थांबले. खोलीत भिंतीवर पार्वतीबाईंचा फोटो होता, लग्नातला. त्याव्यतिरिक्त दुसरा काढलाच गेला नव्हता. सरांनी तिकडे पाहिले नाही. "उजवा गुडघा दुखतो. खाली बसून उठताना आतून चमक निघते. जिना चढताना सोसवतं, उतरताना सोसवत नाही. सकाळी अर्धा तास आखडलेला असतो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

दीड वर्षाचे रविवार सत्तरच्या वर होतात, हा हिशेब दोघांनीही मनात केला असावा.

"उद्या या," ती म्हणाली. "नऊच्या आत. नंतर केसपेपरची रांग वाढते." आणि फोन ठेवला. या साऱ्या बोलण्यात तिने एकदाही बाबा म्हटले नाही, हे सरांच्या ध्यानात आले. पण उद्या या, म्हणाली होती.

सोमवारी साडेआठला सर रांगेत उभे होते. पुढे अकरा माणसे. रांग हळूहळू सरकली, पाय भरून आला, तरी त्यांनी भिंतीला टेका दिला नाही. खिडकीतल्या माणसाने वर न बघता विचारले, "काय होतंय आजोबा?"

सरांनी पूर्ण वाक्यात सांगितले.